पेरभर अंतर

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आंबोलीहून सायकलने खाली येत होते. पावसाळा अधिकृतरीत्या संपला होता, म्हणजे पाऊस दिवसातून दोनदाच पडत होता. मोठ्या धबधब्याच्या खालची तीन-चार वळणं झाली असतील, तेव्हा डाव्या हाताची करंगळी झिणझिणायला लागली, मग तिच्या शेजारचं बोट. पुढच्या वळणावर समोरून एसटी आली. मी दोन्ही ब्रेक दाबले, असं मला वाटलं. प्रत्यक्षात उजवाच दाबला गेला. डाव्या हाताची बोटं लिव्हरला टेकली आणि घसरून परत आली.

माझी सायकल सेकंडहँड, कुणीतरी परदेशातून आणलेली. तिचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. आपल्याकडे इंग्रजांची रीत, पुढचा ब्रेक उजव्या हाताला. अमेरिकेत नेमकं उलटं. सायकल खरीदताना हे मला कळलं होतं, पण घाबरलेल्या हाताला असल्या गोष्टी आठवत नाहीत. एकटा मागचा ब्रेक लागला, मागचं चाक ओल्या पानांवरून सरकलं आणि मी डोंगराच्या बाजूच्या गटारात गेले. दरीच्या बाजूला गेले असते तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी आणि दुसऱ्या विषयावर लिहिला असता.

कोपर सोललं, गुडघा सुजला, बाकी काही नाही. मालवणला घरी पोचल्यावर आईने माझ्याकडे बघितलं आणि आजोने सायकलकडे. आजो निवृत्त मास्तर. त्याने ब्रेकच्या लिव्हरवर स्वतःची बोटं ठेवून बघितली, मग माझा हात तिथे ठेवायला लावला आणि म्हणाला, “हात पोचणा नाय तर ब्रेक मारतलंस कसो गो?”

हा प्रश्न मी सायकल घेताना पुण्यातल्या दुकानात विचारला होता. तिथे उत्तर मिळालं होतं, “सवय होईल, मॅडम.” दीड वर्षात सवय झाली नाही. म्हणून मग मी इंजिनिअर लोक जे करतात ते केलं: हे असं कोणी ठरवलं, ते शोधायला बसले. हँडल आणि ब्रेकची लिव्हर यांच्यात जी फट असते, ती फट कुठून आली, ती तेवढीच का, आणि कोणाच्या हाताची?

*

सुरुवात पडवीतूनच करावी लागेल. तिथे आजोची सायकल उभी आहे. साठच्या दशकात मुंबईहून बोटीने आलेली, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, रॉड ब्रेकची. याच सायकलवरून तो कट्ट्याच्या बाजूच्या शाळेत जात असे. सायकल अजून चालते. चालवणारा ८४ वर्षांचा आहे म्हणून ती उभी.

रॉड ब्रेक ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: हँडलच्या खाली, हँडलला समांतर, लोखंडी दांडी असते. मुठीवरची बोटं खाली सोडून ती दांडी वर उचलायची. ती उचलली की तिला जोडलेली सळई वर ओढली जाते, सळईला जोडलेली नाल वर येते आणि नालेवरचे दोन रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे आसाच्या बाजूने, घासतात. पुढच्या ब्रेकचं हे एवढंच. मागच्यासाठी सळया आणि कोपरे जोडत जोडत फ्रेमच्या खालून पार मागे जायचं. तार कुठेच नाही. त्यामुळे तुटायला काही नाही आणि गंजलं तरी ठोकून सरळ करता येतं.

मी फूटपट्टी घेऊन मोजलं. हँडलच्या मुठीच्या वरच्या काठापासून दांडीच्या खालच्या काठापर्यंत ६२ मिलिमीटर. माझी बोटं तिथे सहज वळली, चारही, दुसऱ्या पेरापर्यंत. सत्तर वर्षांपूर्वीच्या नमुन्याची लोखंडी सायकल माझ्या हाताला बसते आणि कार्बनच्या चिमट्याची बसत नाही, हे बघून मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण रॉड ब्रेकचं कौतुक फार करायला नको. ती फट लहान आहे ती कुणी आपल्या हाताचा विचार केला म्हणून नव्हे. सळईला वळण घेता येत नाही. ती सरळ वरून खाली जाते, म्हणून तिला ओढणारी दांडी हँडलला चिकटून, त्याच्याच रेषेत ठेवावी लागते. म्हणून हँडलही सरळ किंवा मागे वळलेलं, साधं असावं लागतं. हाताची सोय हा त्यातला योगायोग. शिवाय ब्रेक हातात येणं आणि सायकल थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रोम केलेली लोखंडी रिम पावसात भिजली की रबराचे गुटके तिच्यावरून नुसते सरकतात. आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्याला त्याहून बराच कमी, पण गुटक्यांना तोही पुरतो. आजो सांगतो की पावसात चौक्याच्या उतारावर तो उतरून चालायचा. त्याच्या पिढीतले सगळेच चालायचे. ब्रेकचा उपयोग सुक्या दिवसांत, बाजारात, कोंबडी आडवी आली तर.

या सायकली मूळच्या इंग्रजी नमुन्याच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशी मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. कारखाने देशी, पण नमुना तोच राहिला: तीच उंच फ्रेम, तेच रॉड ब्रेक. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले पुढे १९८० मध्ये संसदेत कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या. सायकलीचा नमुना मात्र कुणी ताब्यात घेऊन बदलला नाही. सामान वाहायला, खराब रस्त्याला, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ही सायकल बरोबर होती. फक्त एक गृहीतक त्यात होतं: चालवणारा साडेपाच फुटांच्या आसपासचा पुरुष असणार. पोरं मधून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायची, तेव्हा त्यांचे खांदे हँडलच्या पातळीला असायचे आणि ब्रेकची दांडी कानाजवळ. थांबायचं म्हणजे उडी मारायची किंवा कुंपणात जायचं. आमच्या घरात आई आणि मावशी दोघी अशाच शिकल्या. दोघींच्या गुडघ्यांवर खुणा आहेत.

*

हँडल आणि ब्रेक यांच्यातली फट सुरुवातीला नव्हतीच. पॅरिसच्या मिशो मंडळींच्या १८६० च्या दशकातल्या व्हेलोसिपीडवर ब्रेकला वेगळी लिव्हर नव्हती. हँडलच्या मुठी पिळल्या की त्यावर दोरी गुंडाळली जायची आणि मागच्या चाकावर चमच्यासारखा ठोकळा दाबला जायचा. हात मुठीवरून हलवायची गरज नाही. पोचायचं अंतर शून्य. आज स्कूटरवर ॲक्सिलरेटर पिळताना आपण तेच करतो, फक्त उलट्या हेतूने.

नंतर पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीएवढं झालं. त्या उंच सायकलींना पुढच्या टायरवर दाबणारा ब्रेक होता आणि त्याची लिव्हरही होती, पण ती जोरात दाबण्यात अर्थ नव्हता. दाबली की स्वार हँडलवरून पुढे डोक्यावर. उतारावर अनुभवी लोक पाय उचलून हँडलवरून पुढे टाकायचे, म्हणजे फेकले गेलोच तर पायांवर पडू. हा सुरक्षेचा उपाय होता! १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, दोन सारखी चाकं आणि साखळी, आणि १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर. आता ब्रेक खरोखर दाबता येणार होता. पण हवेच्या टायरवर ठोकळा घासला तर टायर झिजतं, म्हणून ब्रेक रिमवर गेला. रिम लांब, हात वर. मधलं अंतर कापायला सळया आल्या.

मग १८९६. मराठी वाचकाला हे साल म्हटलं की मुंबईचा प्लेग आठवतो. सायकलच्या इतिहासात त्याच वर्षी तीन गोष्टी झाल्या आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

पहिली: अर्नेस्ट बाउडनने वेटोळ्या आवरणात सरकणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं. बाहेरचं आवरण जागच्या जागी, आतली तार सरकते. आज सायकलपासून मोटारसायकलच्या क्लचपर्यंत जिथे तिथे आहे ती हीच केबल. सळईला जे जमत नव्हतं ते तिला जमलं. ती वळते. म्हणजे लिव्हर आता कुठेही बसवता येणार होती आणि हँडल कसंही वाकवता येणार होतं.

दुसरी: अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरची सायकल शर्यत झाली. अथेन्सहून मॅरेथॉन आणि परत, ८७ किलोमीटर. सायकल शर्यत हा गंभीर खेळ झाला आणि वाऱ्याला चुकवायला वाकून बसणं आलं, त्यासाठी खाली वळलेलं हँडल आलं.

तिसरी कुणाच्या लक्षात नसते. एत्येन देस्तो या लियाँच्या डॉक्टरने सायकलमुळे हाताच्या नसेला आलेल्या लकव्याची नोंद एका फ्रेंच वैद्यकीय पत्रिकेत छापली. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून अल्नार नावाची नस एका अरुंद बोगद्यातून जाते. या बोगद्याचं वर्णन फेलिक्स गियोंने १८६१ मध्येच केलं होतं. हँडलवर भार टाकून तासन्‌तास बसलं की ही नस चेपते, करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मग त्यांतली ताकद जाते. डॉक्टर याला आजही सायकलस्वाराचा लकवा म्हणतात. आंबोलीच्या वळणावर माझं जे झालं त्याची नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीच झालेली होती. केबलने हँडलला स्वातंत्र्य दिलं, शर्यतीने त्याला खाली वळवलं, आणि हाताने तक्रार केली. तिन्ही एकाच वर्षी. पहिल्या दोघांचं पुढे खूप झालं.

*

खाली वळलेल्या हँडलवर हात ठेवायच्या तीन जागा असतात. वरची आडवी नळी; पुढे जिथे लिव्हरचा रबरी उंचवटा असतो तो हूड; आणि खालचा बाक. लिव्हर तीच, पण तिच्यापर्यंत पोचायचे रस्ते दोन: हूडवरून वरच्या बाजूने किंवा बाकातून पुढच्या बाजूने. वरच्या नळीवरून पोचताच येत नाही.

इथे शाळेतला तरफेचा धडा आठवा. लिव्हर वर बिजागरीला अडकलेली असते. हूडवर हात असेल तर बोटं बिजागरीच्या जवळ पडतात. बाकात हात असेल तर लिव्हरच्या टोकाजवळ. माझ्या सायकलवर मोजलं: हूडवरून तर्जनी बिजागरीपासून सुमारे ४ सेंटिमीटरवर, बाकातून साधारण ८. म्हणजे त्याच बोटाने, तेवढ्याच जोराने, बाकातून दुप्पट ब्रेक लागतो. लांब उतारावर बाकात हात ठेवा असं सगळे सांगतात ते यासाठी. जाडजूड पंजाच्या माणसाला हूडवरूनही चालून जातं, कारण त्याच्याकडे जोर शिल्लक असतो. लहान हाताच्या माणसाला बाकाची गरज जास्त, आणि नेमकं बाकातून लिव्हर सगळ्यात लांब. ज्याला फायदा हवा त्यालाच तो मिळत नाही.

जुन्या शर्यतींच्या सायकलींवर लिव्हर मुख्यतः बाकातून ओढायची म्हणूनच बसवलेली असे. हूड म्हणजे नुसता धातूचा बुंधा. त्यावर रबर नंतर चढलं, आणि रबर चढल्यावर लोक त्यावर हात टेकवून बसायला लागले. १९७० च्या दशकात अमेरिकेत वाकड्या हँडलच्या सायकलींची लाट आली. शर्यतीशी काही संबंध नसलेले लोक त्या घेऊन वरच्या नळीला धरून चालवायचे आणि तिथून ब्रेक लागत नाही हे त्यांना चौकात कळायचं. उपाय म्हणून कंपन्यांनी मुख्य लिव्हरला एक आडवी जास्तीची दांडी जोडली. तिने ब्रेक लागायचा, पण अर्धवट, कारण लिव्हरची ओढ पुरी व्हायच्या आधीच ती हँडलला टेकायची. जाणकार तिला शिव्या घालायचे. मला त्या दांडीबद्दल थोडी सहानुभूती आहे. हात पोचत नाही हे कुणीतरी कबूल तरी केलं होतं.

आपल्याकडे असली ‘रेसर’ सायकल आमच्या काकाने कॉलेजात असताना घेतली होती. त्याने आणि त्याच्या मित्रांनी वाकडं हँडल उलटं करून बसवलं, शिंगांसारखं. सगळे हसायचे. आता वाटतं, त्या पोरांनी आपल्या पाठीचा आणि हाताचा हिशेब बरोबर केला होता.

१९९० साली शिमानोने ड्युरा-एस मालिकेत ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर घातला. तोपर्यंत गिअर बदलायला हात खाली फ्रेमवर न्यावा लागे. दोन वर्षांनी कॅम्पान्योलोचंही तसंच आलं. शर्यतवाल्यांसाठी ही क्रांती होती आणि मी ती नाकारत नाही. चढावर हात न हलवता गिअर बदलता येणं काय सुख आहे ते ज्याला चढ चढायचा असतो त्यालाच कळतं. पण गिअरची सगळी चाकं आणि स्प्रिंगा लिव्हरच्या बुंध्यात गेल्या, बुंधा जाड झाला, लिव्हर पुढे गेली. २०१३ च्या सुमारास रोड सायकलींना तेलाचे डिस्क ब्रेक मिळायला लागले तेव्हा तेलाची टाकीही त्याच बुंध्यात शिरली. (तेलाच्या ब्रेकला जोर कमी लागतो, ही त्याची भरपाई. माझ्या सायकलला तो नाही.) आधी सळई, मग वारा, मग गिअर, मग तेल. फट किती असावी हे दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं.

आणि ज्यांच्या हातांवर हे सगळं तपासलं गेलं ते हात कोणाचे, हे सांगायला एक आकडा पुरे. पुरुषांची ऑलिंपिकमधली पहिली रस्ता शर्यत १८९६ ची. बायकांची १९८४ ची, लॉस एंजलिसला. मध्ये ८८ वर्षं. बायका या काळात सायकल चालवत नव्हत्या असं नाही. पण लिव्हरचा नमुना शर्यतीतून येतो आणि शर्यतीत त्या नव्हत्या. त्या ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जॉर्जिना टेरी या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. तिची युक्ती दिसायला विचित्र होती: पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान, म्हणजे फ्रेम आखूड करता येते. त्याबरोबर अरुंद हँडल आणि जवळ येणाऱ्या लिव्हर. लोक त्या लहान चाकाबद्दलच बोलत राहिले. पुढे शिमानोनेही लहान हातांसाठी आर-७०० नावाच्या लिव्हर काढल्या. आता बहुतेक चांगल्या लिव्हरमध्ये फट कमी करायला एक बारीक स्क्रू असतो.

तो स्क्रू माझ्याही लिव्हरमध्ये होता. दीड वर्ष मला माहीत नव्हतं. कारखान्यातून तो पूर्ण बाहेर काढलेला येतो, म्हणजे फट सगळ्यात मोठी. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात आणि आम्हाला पक्कं ठाऊक असतं की बहुतेक लोक डिफॉल्ट कधीच बदलत नाहीत. म्हणून ते ठरवणाऱ्यावर जबाबदारी जास्त. मी स्वतः अशी कितीतरी डिफॉल्ट मूल्यं शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ठरवली आहेत.

*

मग नियम काय सांगतात ते बघितलं. सायकलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४२१०. त्यात या फटीवर मर्यादा आहे: हँडलच्या बाहेरच्या काठापासून लिव्हरच्या बाहेरच्या काठापर्यंत, बोटं पडतात त्या भागात ९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मुलांच्या सायकलला ७५. मुलांची कोणती? जिची सीट ६३५ मिलिमीटरच्या खाली येते ती. म्हणजे मानक हाताचा अंदाज सीटच्या उंचीवरून करतं. सीट उंच असेल तर हात मोठा असणार.

माझ्या सायकलवर बाकातून तर्जनीच्या जागी मोजलं तर ८८ भरले. सायकल नियमात बसत होती. मी बसत नव्हते.

हाताचं मापही घेतलं. हँडल अंगठ्याच्या बेचक्यात धरून तर्जनी पुढे वळवली की टोकाकडचं पेर जिथे आडवं पडतं, तिथपर्यंत ७४ मिलिमीटर. बोटाचं टोक ८८ पर्यंत जात होतं, म्हणूनच दुकानात ‘पोचतंय की’ असं म्हणता आलं. पण टोकाने लिव्हरला शिवता येतं, ओढता येत नाही. ओढायला पेर अडकावं लागतं. विहिरीच्या रहाटाला कधी बोटांच्या टोकांनी दोर ओढून बघा. शिवाय टोक पोचवण्यासाठी मनगट बाहेर वळवावं लागतं, भार तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला येतो, आणि तिथे देस्तोच्या रुग्णांची नस वाट बघत असते. बधिरपणा आणि न पोचणं ही दोन दुखणी नव्हती, एकच होतं.

भारतीय शरीरांची मापं उपलब्ध नाहीत, अशी सबब आता चालत नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक १९९७ मध्ये प्रकाशित केलं. त्यात पुरुष आणि बायका वेगळ्या, आणि नुसती सरासरी नाही तर लहानापासून मोठ्यापर्यंतची मापं. या शास्त्रातला एक जुना नियम आहे: जागा द्यायची असेल तर सगळ्यात मोठ्या माणसाचं माप धरा, हात पोचायचा असेल तर सगळ्यात लहान माणसाचं. जुन्या एसटीतली घंटीची दोरी आठवते? छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. कंडक्टर उंच असो की बुटका, पुढे उभा असो की मागे, हात वर केला की दोरी हातात. ती दोरी ज्याने लावली त्याला हा नियम माहीत होता, पुस्तक न वाचता.

*

आता मी काय केलं ते, कारण सायकलवाल्या वाचकांना तेवढंच हवं असणार.

आधी स्क्रू. तो आत फिरवल्यावर फट ८८ वरून ८० झाली. पण लिव्हर जवळ आली की केबल सैल पडते, आणि नीट न ताणता तशीच ठेवली तर लिव्हर हँडलला टेकते तरी ब्रेक पुरता लागत नाही. पहिल्या दिवशी अंगणात हेच झालं. कुडाळच्या मेकॅनिकने केबल ओढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्याला तो स्क्रू बघण्यात जास्त रस होता.

बाकीचे मिलिमीटर हँडलमधून काढायचे होते. इथे एका शब्दाने मला आठवडाभर फसवलं. दुकानांच्या यादीत प्रत्येक हँडलबारचा ‘रीच’ लिहिलेला असतो आणि लिव्हरचाही ‘रीच’ असतो, आणि हे दोन वेगळे आहेत. हँडलचा रीच म्हणजे वरच्या नळीपासून बाक पुढे किती जातो ते अंतर. तो कमी असला की हूड छातीकडे येतात, पाठीला बरं वाटतं, पण बाकातून लिव्हर किती लांब ते त्यावर ठरत नाही. ते ठरतं बाकाच्या वळणावर. जुन्या गोल बाकात हात खोल जातो आणि लिव्हर पुढे राहते. नव्वदच्या दशकात बाकात मध्येच एक सरळ तुकडा घालायची पद्धत आली, हाताला बसावा म्हणून. तो तुकडा ज्याच्या हाताला बसेल त्याला बसेल, माझ्या हाताला त्याने नको तिथेच अडकवून ठेवलं होतं. नंतर आलेल्या, ज्यांना कॉम्पॅक्ट म्हणतात त्या हँडलांचा बाक उथळ आणि एकसारखा वळलेला असतो: रीच साधारण ७० ते ८० मिलिमीटर, खोली १२० ते १३०, जुन्यांची खोली १४०-१५० पर्यंत जायची. या बाकात हात लिव्हरच्या मागोमाग वर सरकतो. यादीतल्या आकड्यांवरून हे कळत नाही. हँडलचा बाजूने काढलेला फोटो बघावा लागतो, किंवा प्रत्यक्ष हात लावून बघावा लागतो, आणि सिंधुदुर्गात ते जमत नाही. मी फोटो खऱ्या मापात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून हातात धरले. आईला वाटलं ऑफिसचं काम आहे.

शेवटी रीच ७० आणि खोली १२५ असलेलं, ३८ सेंटिमीटर रुंदीचं हँडल घेतलं. आधीचं ४४ चं होतं, म्हणजे इतके दिवस मी दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यांनी सायकल चालवत होते. लिव्हर बाकावर किंचित खाली सरकवून बसवल्या. जास्त खाली सरकवल्या तर हूड उतरते होतात आणि हात पुढे घसरतो, ते एका दिवसात कळलं, परत थोड्या वर घेतल्या. आणि मेकॅनिककडून केबलींची अदलाबदल करून घेतली: पुढचा ब्रेक उजव्या हाताला, आजोच्या सायकलीसारखा.

फट आता ७२ आहे. दोन्ही बाजूंनी पेर अडकतं, वर दोन मिलिमीटर उरतात. मालवणहून चौक्यामार्गे कुडाळ आणि परत अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या, करंगळी शांत आहे. दाणोलीपर्यंत जाऊन घाटाकडे बघून परत आले, दोनदा. वर चढणाऱ्याला आपल्याकडे मान असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. उतरणाऱ्याला अजून कुणी काही म्हटलेलं नाही.

हँडल बसवलं त्या संध्याकाळी आजो पडवीत आला. त्याची बोटं आता सांध्यांत वाकडी झाली आहेत. त्याने खुर्चीवर बसूनच बाकात हात घातला, दोन बोटं लिव्हरवर टाकली आणि ओढली. मागचं चाक मी हवेत फिरवत धरलं होतं, ते थांबलं. त्याने परत सोडली, परत ओढली. मग माझ्याकडे बघून विचारलं, “आणि पावसात?”

पावसात आंबोलीला जायचं नाही, असं सध्या ठरलंय. आईसमोर.